पत आणि झाकली मूठ

मराठीत 'पत' हा एक लहानसा शब्द आहे. परंतु त्याच्या पोटात व्यापाराचे सारे नीतिशास्त्र सामावलेले आहे. पतपेढी, पतपुरवठा या शब्दांत तो पैशाचा वाचक असतो. 'गावात त्यांची पत आहे' असे म्हणताना तोच शब्द विश्वासाचा वाचक होतो. जुन्या सावकारी पेढ्यांच्या दृष्टीने हे दोन अर्थ वेगळे नव्हतेच. पुण्याच्या पेढीने लिहिलेली हुंडी काशीच्या पेढीवर सकारली जात असे, ती कागदाच्या किंवा शाईच्या बळावर नव्हे. ज्या नावाने ती लिहिलेली असे त्या नावाचा भरवसा, हेच तिचे खरे तारण असे. मौज अशी की, ज्याचे हे नाव तो मालक पुष्कळदा दूर असे. हुंडी लिहिणारा, रोजकीर्द ठेवणारा, गिऱ्हाइकाशी बोलणारा असे तो मुनीम किंवा गुमास्ता. पत मालकाची आणि ती सांभाळायची नोकराने, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

कंपन्यांच्या काळात तो शतपटीने वाढला. कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती. तिला स्वतःचे हात नाहीत, जीभ नाही आणि सदसद्विवेकबुद्धीही नाही. या तिन्ही गोष्टी ती आपल्या माणसांकडून उसन्या घेते. बँकेच्या खिडकीवरचा कारकून उर्मटपणे बोलला, तर गिऱ्हाईक घरी जाऊन त्या कारकुनाचे नाव सांगत नाही. अमुक बँक उर्मट आहे, असे सांगते. न्यायालयेही बहुतांशी याच दृष्टीने पाहतात. नोकराने कामाच्या ओघात दुसऱ्याचे नुकसान केले, तर त्याची भरपाई मालकाने करावी, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे.

मग नोकराच्या हातून गैरवर्तन घडले, तर कंपनीने आपली पत कशी राखावी? या प्रश्नाला लोकव्यवहारात एक तयार उत्तर आहे: झाकली मूठ सव्वा लाखाची. बोभाटा होऊ देऊ नये, घरातली गोष्ट घरात मिटवावी, एखाद्याला गुपचूप घरी बसवावे आणि दरवाजावरची पाटी पुसूनपासून पुन्हा चकचकीत ठेवावी. हे उत्तर इतके स्वाभाविक वाटते की, मोठमोठ्या जाणत्या माणसांनीही ते स्वीकारले आहे. परंतु इतिहासाचा दाखला या म्हणीच्या विरुद्ध जातो.

हिंदुस्थानाला 'कंपनी' या शब्दाची ओळख ज्या संस्थेने करून दिली, तिच्यापासूनच आरंभ करणे योग्य होईल. १६०० साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचे मालक लंडनमध्ये आणि नोकर कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासाइतके दूर. कंपनीच्या कनिष्ठ कारकुनाला, म्हणजे 'रायटर'ला, वर्षाकाठी अवघे ५ पौंड मूळ वेतन मिळे. एवढ्यावर बंगालमध्ये कोणाचा निर्वाह होणार नाही, हे संचालकांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी नोकरांना खाजगी व्यापाराची मुभा दिली. पगाराची तूट ज्याने त्याने आपल्या परीने भरून काढावी, असा त्याचा अर्थ.

ती तूट कशी भरली गेली, हे बंगालने पाहिले. १७१७ साली बादशहा फर्रुखसियर याने कंपनीला बंगालमध्ये जकातमाफी दिली होती. ही सवलत कंपनीच्या मालापुरती होती. पण तिच्या नोकरांनी माफीची दस्तके आपल्या खाजगी मालासाठी सर्रास वापरली. देशी व्यापारी जकात भरून खंगत होता आणि त्याच्याच शेजारी कंपनीचा कारकून फुकट माल नेत होता. नवाब मीर कासिम याने तक्रारी करून पाहिल्या. अखेर १७६३ साली त्याने सर्वांचीच जकात माफ करून टाकली. आपला गैरवाजवी लाभ नाहीसा होताच कलकत्त्याच्या कौन्सिलने तो आपल्या हक्कावरचा घाला मानला. युद्ध पेटले आणि १७६४ च्या ऑक्टोबरात बक्सारच्या लढाईत त्याचा निकाल लागला.

लढाई कंपनीने जिंकली; पत मात्र गमावली. गबर होऊन मायदेशी परतलेल्या तिच्या नोकरांना इंग्लंडमध्ये लोक 'नेबॉब' म्हणजे 'नवाब' म्हणून हिणवू लागले. १७७२ साली सॅम्युएल फूट याचे त्याच नावाचे प्रहसन लंडनच्या रंगभूमीवर आले. त्याच वर्षी कंपनीची तिजोरी आटली. बंगालची दिवाणी जिच्या हाती होती, ती कंपनी सरकारच्या दारी कर्ज मागण्यास उभी राहिली. १७७३ साली तिला १४ लाख पौंडांचे कर्ज मिळाले. पण त्याबरोबर रेग्युलेटिंग ॲक्टही आला. नजराणे व भेटी घेण्यास बंदी झाली आणि कंपनीच्या कारभारावर पार्लमेंटची नजर बसली. नोकर धनाढ्य आणि मालक ऋणको, असे हे विलक्षण दृश्य होते. पुढे १७८६ साली आलेल्या कॉर्नवॉलिसने कलेक्टरांचा खाजगी व्यापार बंद केला आणि त्यांचा पगार दरमहा १५०० रुपये ठरवून वर वसुलीवर दलाली दिली. तेवढ्याने ते राज्य न्यायाचे झाले, असे कोणी म्हणणार नाही. हिंदी माणसाला वरच्या जागांवरून दूर ठेवणाराही तोच कॉर्नवॉलिस होता. परंतु एक गोष्ट त्याने अचूक ओळखली होती. ज्या नोकराला प्रामाणिकपणे जगणे अशक्य करून ठेवले आहे, त्याच्या अप्रामाणिकपणात मालकाचा वाटा असतो.

तथापि पोटभर पगार हा काही सदाचाराचा जामीन नव्हे. बक्सारच्या लढाईआधी दोनच वर्षे, १७६२ साली, लंडनमध्ये बेअरिंग्ज नावाची एक पेढी निघाली. १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा विस्तीर्ण मुलूख विकत घेतला, त्या व्यवहाराला पैसा उभा करून देणाऱ्यांत ही पेढी होती. दोनशे तेहेतीस वर्षे जपलेली ही पत १९९५ साली, सिंगापूरच्या शाखेत बसलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या एका कर्मचाऱ्याने बुडवली. त्याचे नाव निक लीसन.

बाजारात सौदे करणे हे लीसनचे काम होते. आणि त्या सौद्यांचा हिशेब लिहिणारी कचेरीही त्याच्याच हाताखाली होती. दुकानातला गल्ला आणि वही एकाच माणसाच्या हाती देऊ नये, हे आपल्याकडचा किराणा दुकानदारही जाणतो. बेअरिंग्जने ते केले. १९९२ साली हाताखालच्या एका नवख्या मुलीकडून खरेदीच्या जागी विक्रीचा सौदा झाला आणि सुमारे २०,००० पौंडांचा तोटा आला. तो तोटा लीसनने ८८८८८ या क्रमांकाच्या एका खात्यात लपवला. पुढे स्वतःचे तोटेही त्याच खात्यात जाऊ लागले आणि लंडनला मात्र भरघोस नफ्याचे आकडे कळवले जाऊ लागले. १९९४ साली पेढीच्याच अंतर्गत तपासनिसांनी दोन्ही कामे एका हाती असणे धोक्याचे आहे, असे लिहून दिले होते. पण नफा आणून देणाऱ्या माणसाला प्रश्न विचारण्याची कोणाला इच्छा नव्हती. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमध्ये कोबे येथे भूकंप झाला, शेअर बाजार कोसळला आणि लीसनने लावलेले डाव उलटले. फेब्रुवारीअखेर तोट्याचा आकडा ८२ कोटी ७० लाख पौंडांवर पोहोचला. पेढीचे दिवाळे वाजले आणि हॉलंडमधील एका वित्तसंस्थेने ती अवघ्या १ पौंडाला घेतली. लीसनला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली.

त्या मूळच्या वीस हजार पौंडांकडे नीट पाहिले पाहिजे. ती चोरी नव्हती, चूक होती. ती त्याच दिवशी सांगितली गेली असती, तर एवढ्या मोठ्या पेढीच्या वहीत ती एका ओळीत संपली असती. चूक सांगण्याची भीती आणि ती लपवण्याची सोय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की चुकीचा गुन्हा होण्यास वेळ लागत नाही.

ही गोष्ट परदेशाची म्हणून हातावेगळी करता येणार नाही. मुंबईच्या फोर्ट भागातील ब्रॅडी हाऊस येथील पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेतून परदेशी बँकांना हमीचे संदेश वर्षानुवर्षे जात राहिले आणि बँकेच्या मुख्य हिशेबात त्यांची नोंदच होत नव्हती, हे २०१८ साली उघडकीस आले. १३,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा हा घोटाळा काही कर्मचारी व हिरेव्यापारी यांच्या संगनमताने झाला, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. संदेश पाठवणारे यंत्र आणि हिशेबाचे यंत्र एकमेकांशी जोडलेले नव्हते. अशा यंत्रणेच्या दुरुपयोगाविषयी रिझर्व्ह बँकेने २०१६ च्या ऑगस्टपासून बँकांना वारंवार सावध केले होते. म्हणजे इशारा सिंगापूरप्रमाणे मुंबईतही आधीच मिळालेला होता. कुंपण शेत खाते, ही म्हण आपण नोकराला लावतो. पण कुंपणावर नजर ठेवण्याचे काम ज्यांचे होते, त्यांच्यासाठी म्हणीत शब्द नाही.

येथवर पाहिलेल्या गोष्टींत वरिष्ठांना दिसत नव्हते, किंवा त्यांनी पाहिले नाही. याहून बोधप्रद गोष्ट ती, जिच्यात वरिष्ठांना कळले आणि त्यांनी मूठ झाकली. ती न्यूयॉर्कच्या सॉलोमन ब्रदर्स या पेढीची आहे.

अमेरिकन सरकार आपल्या कर्जरोख्यांचा लिलाव करते. एका लिलावात कोणीही एकाने ३५ टक्क्यांहून अधिक रोख्यांची बोली लावू नये, असा नियम होता. एकाच व्यापाऱ्याने सारा बाजार मुठीत घेऊ नये, हा त्याचा हेतू. सॉलोमनच्या रोखे विभागाचा प्रमुख पॉल मोझर याने ही मर्यादा ओलांडण्यासाठी गिऱ्हाइकांच्या नावाने, त्यांना न विचारता, खोट्या बोल्या लावल्या. १९९१ च्या फेब्रुवारीतील अशाच एका बोलीविषयी सरकारी खात्याने चौकशीचे पत्र पाठवले, तेव्हा एप्रिलमध्ये मोझरने आपल्या वरिष्ठापाशी त्या एका बोलीची कबुली दिली. वरिष्ठाने ती आपल्या वरच्यांना सांगितली. अध्यक्ष जॉन गटफ्रॉइंड आणि पेढीचा मुख्य कायदेसल्लागार यांच्यासह चार अत्युच्च अधिकारी या गोष्टीचा विचार करण्यासाठी एकत्र बसले. हे सरकारला कळवले पाहिजे, यावर त्यांचे एकमत झाले. आणि मग कोणीच कळवले नाही.

त्या चौघांपैकी एकानेही बोली लावली नव्हती. एकाचाही त्यात खाजगी लाभ नव्हता. त्यांनी कोणाला खोटे बोलण्यास सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू, योग्य वेळ पाहून सांगू, असे म्हणत त्यांनी दिवस जाऊ दिले, एवढेच. या अवधीत मोझर आपल्या जागीच राहिला आणि मे महिन्यात आणखी एका लिलावात गडबड झाली. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपण म्हणतो, ते येथे अक्षरशः खरे ठरले. ऑगस्टमध्ये पेढीला स्वतःच जाहीर निवेदन काढावे लागले आणि वरिष्ठांना हे एप्रिलपासून ठाऊक होते, ही गोष्ट बाहेर आली. त्या क्षणी प्रकरणाचे स्वरूप पालटले. तोवर एक नोकर दोषी होता. आता पेढी दोषी ठरली. जिच्या हातात उधार घेतलेले अब्जावधी डॉलर रोज फिरत होते, तिला उधार देण्यास लोक कचरू लागले. १८ ऑगस्ट रोजी सरकारने तिला लिलावात भाग घेण्यास मनाई केली. पेढी अंताच्या दारात उभी राहिली.

गटफ्रॉइंड याला जावे लागले आणि पेढीचा मोठा भागधारक वॉरन बफेट हा अध्यक्षाच्या खुर्चीत बसला. त्याने सरकारशी बोलून त्याच दिवशी मनाईचा काही भाग मागे घेववला. परंतु त्याचे खरे काम पुढेच होते. कोणत्याही नोकराच्या हातून कायद्याचा भंग किंवा नीतीचा मोठा प्रमाद घडल्याचे कळले, तर ते तत्काळ थेट आपल्याला कळवावे, असे त्याने सर्व वरिष्ठ अधिकाऱ्यांना लिहिले. गाडी चुकीच्या जागी उभी केल्याचा दंड आणि तशाच किरकोळ गोष्टी तेवढ्या त्याने वगळल्या. सोबत आपल्या घरच्या टेलिफोनचा क्रमांक दिला. वकील आणि अशील यांच्यातील गुप्ततेचे कायदेशीर कवचही पेढीने सोडून दिले आणि आपल्या वकिलांनी शोधून काढलेले सारे चौकशी करणाऱ्यांपुढे ठेवले. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर त्याने सांगितले की, पेढीचा पैसा बुडवणाऱ्या नोकराला आपण समजून घेऊ. पण पेढीच्या लौकिकाचा एक कणही घालवणाऱ्याची गय करणार नाही.

१९९२ साली पेढीने २९ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. रक्कम थोडी नव्हती. परंतु पेढीवर फौजदारी खटला झाला नाही आणि ती जगली. मोझरला तुरुंगवास भोगावा लागला. ज्या चौघांनी मूठ झाकली होती, त्यांना पेढीची अब्रू वाचवायची होती, यात संशय नाही. ती वाचली मात्र मूठ उघडल्यावर.

लौकिकाचा कण घालवणाऱ्याची गय करू नये, हे वाक्य वाचून एखाद्या मालकाला वाटेल की, कडक शिक्षा हाच यावरचा रामबाण उपाय आहे. त्याने अमेरिकेतल्याच वेल्स फार्गो या बँकेची गोष्ट लक्षात घ्यावी. १८५२ साली स्थापन झालेल्या या बँकेने २०१६ पर्यंतच्या पाच वर्षांत गैरवर्तनाबद्दल सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना कामावरून काढले होते. शिक्षेत तिने काही कसूर केली, असे म्हणता येणार नाही. तरीही २०१६ च्या सप्टेंबरमध्ये तिला १८ कोटी ५० लाख डॉलर दंड झाला आणि साऱ्या देशात तिची छीथू झाली. गिऱ्हाइकांना न विचारता त्यांच्या नावाने उघडलेल्या खात्यांची संख्या तेव्हा सुमारे वीस लाख मानली गेली. पुढच्या वर्षी बँकेच्याच फेरतपासणीत ती पस्तीस लाखांपर्यंत गेली.

हजारो सामान्य कारकून एकाच वेळी, एकाच पद्धतीने वाईट कसे होतात? याचे उत्तर बँकेच्या एका घोषवाक्यात होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला बँकेच्या आठ तरी सेवा विकाव्यात, असे वरून ठरले होते. आठच का, तर इंग्रजीत 'आठ' या अर्थाचा शब्द 'थोर' या अर्थाच्या शब्दाशी यमकाने जुळतो म्हणून! दिवसाचे उद्दिष्ट दिवसा पुरे झाले पाहिजे. न झाल्यास जाब द्यावा लागे, नोकरी जाण्याची भीती असे. ज्या गिऱ्हाइकाला दोन खात्यांपलीकडे कशाचीच गरज नाही, त्याला आठ कोठून विकणार? मग खोट्या सह्या झाल्या. नोकराने गुन्हा केला, हे खरे. पण तो गुन्हा केल्यावाचून पुरा होणार नाही, असा हुकूम वरून आलेला होता. बँकेच्या संचालक मंडळाने नेमलेल्या चौकशीनेही २०१७ साली या विक्रीच्या अतिरेकाकडेच बोट दाखवले. पाच वर्षे बँक फळे तोडत राहिली आणि झाडाला पाणी घालत राहिली. २०१८ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने तिच्या वाढीवर मर्यादा घातली. ती उठण्यास २०२५ चा जून उजाडावा लागला. थेंबाने गेलेली हौदाने येत नाही, ती अशी.

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कारण तिच्यावाचून हा विषय अपुरा राहील. मूठ झाकण्याचा एक प्रकार असाही आहे की, संस्थेचा दोष झाकण्यासाठी निरपराध नोकराला दोषी ठरवावे. चोर सोडून संन्याशाला सुळी, असे ज्याला म्हणतात, त्याचे उदाहरण ब्रिटनच्या पोस्ट खात्याने घालून दिले.

तेथील खेड्यापाड्यांतील पोस्टे पुष्कळदा एखादा दुकानदारच कराराने चालवतो. १९९९ पासून त्यांच्या हिशेबासाठी 'होरायझन' नावाची संगणकव्यवस्था आली. ती काही ठिकाणी नसलेली तूट दाखवू लागली. करारानुसार तूट चालकाने भरून द्यायची. ज्यांना ते जमले नाही, किंवा ज्यांनी वाद घातला, त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. कोणी घर गहाण टाकले, कोणी तुरुंगात गेले, कोणी ज्या गावाची वर्षानुवर्षे सेवा केली त्याच गावात चोर म्हणून जगले. अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात, असे आपल्याला सांगितले गेल्याचे त्यांच्यापैकी अनेकांनी नंतर सांगितले. ते एकटे नव्हते. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक माणसे दोषी ठरली होती. यंत्रात दोष आहे, हे मान्य केले तर खात्याची अब्रू जाईल, या भीतीने खाते वर्षानुवर्षे लढत राहिले. अखेर पोस्टचालकांनी मिळून लावलेल्या दाव्यात २०१९ च्या डिसेंबरात न्यायालयाने त्या यंत्रणेतील दोष मान्य केले आणि २०२४ साली पार्लमेंटने खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. सार्वजनिक चौकशीच्या २०२५ मधील अहवालाने नोंदवले की, या छळापायी किमान १३ जणांनी आत्महत्या केली असावी. खात्याला जपायची होती ती अब्रू तर गेलीच. पण जी माणसे गेली ती कोणत्या कायद्याने परत यावीत?

म्हणून गैरवर्तनाचा बंदोबस्त आणि निर्दोष माणसाचे रक्षण ही दोन वेगळी कामे नव्हेत. आपल्या देशात स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, कारखान्यांसाठी स्थायी आदेशांचा कायदा झाला. गैरवर्तन कशाला म्हणायचे हे मालकाने आधी लिहून ठेवावे आणि शिक्षेपूर्वी कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी, हा त्याचा गाभा होता. कामगाराच्या संरक्षणासाठी म्हणून तो झाला. पण मालकाच्या पतीचेही त्यात रक्षण होते, कारण न्यायाने दिलेली शिक्षाच लोकांना पटते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात, आणि त्याच्या आधारे २०१३ च्या कायद्याने, कामाच्या जागी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक मोठ्या कचेरीत समिती असलीच पाहिजे, असे ठरवले. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, गैरप्रकाराची वर्दी देणाऱ्या माणसाला निर्भयपणे बोलता यावे, अशी व्यवस्था करणे भाग पाडले. या तरतुदींमागचे सूत्र एकच आहे. ज्या घरात बोलण्याची वाट मोकळी आहे, तेथली गोष्ट वेळीच मालकाच्या कानी येते. जेथे ती बंद आहे, तेथे ती न्यायालयात किंवा वर्तमानपत्रात ऐकावी लागते.

परंतु कायदा समिती नेमू शकतो, तिच्यापुढे बोलण्याचे धैर्य देऊ शकत नाही. ते धैर्य वरच्या माणसाच्या वर्तनातून खाली येते. ज्या कचेरीत वाईट बातमी आणणाऱ्याच्या कपाळावर वाईटपणाचा शिक्का बसतो, तेथे तक्रारपेटीला कुलूप असले काय आणि नसले काय, ती रिकामीच राहते. ज्या कचेरीत वीस हजारांची चूक कबूल करणाऱ्या मुलीला जवळ बसवून, चूक कोठे झाली ते समजावून सांगतात, तेथे गुप्त खात्याची गरजच पडत नाही. लहान चूक आणि मोठा अपराध यांतला फरक ओळखणे, चुकीला क्षमा आणि लपवाछपवीला शिक्षा करणे, हे मालकपणाचे सर्वांत अवघड काम आहे. आणि ते कोणत्याही वकिलाकडे किंवा जाहिरात करणाऱ्याकडे सोपवता येत नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होते. पाटावर वही ठेवतात, ती उघडतात, पहिल्या कोऱ्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतात आणि सारी माणसे, मालक आणि मुनीम, तिच्यासमोर हात जोडून उभी राहतात. झाकल्या मुठीचा सव्वा लाख हा पाहणाऱ्याच्या भ्रमावर उभा असतो आणि मूठ उघडेपर्यंतच टिकतो. पेढीची पत त्या उघड्या वहीवर उभी असते. तिच्यात खोडलेल्या ओळी असतील, दुरुस्त केलेल्या बेरजा असतील. परंतु ती कोणालाही, केव्हाही दाखवता येते, यातच तिचे मोल आहे.